गोळा करणाऱ्याचं नाव

"ए, तू उतर खाली. बाकीच्यांनी कपडे खराब करायची गरज नाही."

सर मला म्हणाले. शहागडला, गोदावरीच्या काठावर. वर पुलावरून ट्रक धडधडत जात होते. खाली आम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची अठरा पोरंपोरी, वनस्पतीशास्त्राची सहल. काठाला पोटऱ्या बुडतील एवढा चिखल. त्या चिखलातच आमचा अभ्यास उभा होता. माका, लव्हाळा, पाणकणीस. प्रत्येकानं आपापलं झाड स्वतः, मुळासकट उपटायचं असा नियम होता. सरांनीच वर्गात सांगितलेला.

मी मागं वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाले असतील.

"तुलाच म्हणतोय. तुझी आई लोकांच्या शेतात खुरपायला जाते ना? मग तुम्हाला काय, घरचंच काम. तू उपट, हे नावं लिहून घेतील."

पोरं हसली. फार मोठ्यानं नाही. मोठ्यानं हसली असती तर कदाचित मी चिडले असते. ती सहज हसली, आणि मी चपला काढून खाली उतरले. हे मी लपवणार नाही. उतरले. एकेका झाडाची अठरा रोपं उपटली, मुळं नदीच्या पाण्यात खळबळून धुतली, वर दिली. माझ्याच वर्गातल्या पोरी रुमालात धरून ती घेत होत्या.

जेवायच्या वेळी सगळे बाभळीखाली बसले. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या एका संचालकांची पुतणी आमच्या वर्गात होती, मंजिरी. तिच्या घरून सगळ्यांना पुरेल एवढं जेवण आणि पाण्याचा मोठा जार आला होता. मी हात धुऊन आले. मंजिरीनं माझ्यापुढं ग्लास धरला. तेवढ्यात सर म्हणाले, "ग्लास नको. तिचे हात चिखलाचे आहेत. वरून ओत."

हात मी धुतलेले होते. सगळ्यांनी पाहिलं होतं. मंजिरीनं ग्लास मागं घेतला आणि वरून पाणी ओतलं. मी ओंजळ धरली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना सरांनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं, दुसऱ्यांदा माझ्याकडं नीट बघून. चिखलाचा संबंध त्या आडनावाशी होता, हाताशी नव्हता. एवढं कळण्याइतकी मी मोठी होते, आणि तरीही ते पाणी प्याले.

परवा त्याच कॉलेजातून फोन आला. कॉलेजची स्मरणिका निघते आहे. बोलणारी प्राध्यापिका तरुण होती, बिचारी अदबीनं बोलत होती. "मॅडम, तुमच्या वेळचं कॉलेज कसं होतं, रोजच्या काळज्या काय होत्या, गमतीजमती, असं काहीतरी लिहून पाठवा ना. आणि शक्यतो गोड आठवणी लिहा मॅडम. अंक सरांच्या स्मृतीला अर्पण करतोय."

सर मागच्या वर्षी गेले. मी म्हणाले, पाठवते.

तर रोजच्या काळज्या. पहिली काळजी पाण्याची. जालन्यात मुलींच्या वसतिगृहाला एक नळ, आणि तो कधी येईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. तास चालू असला तरी अर्धं लक्ष तिकडं. दुसरी काळजी जर्नलवर सरांची सही मिळण्याची. सही नाही तर परीक्षेला बसू देत नसत, आणि सहीसाठी कुणाला किती दिवस दारात उभं करायचं ते सरांच्या मर्जीवर होतं. मला साधारण चार दिवस लागायचे. मंजिरीची जर्नल शिपाई घेऊन जायचा आणि घेऊन यायचा. चौकात मोर्चे निघायचे, भाषणं व्हायची, देश ढवळून निघत होता असं आता पुस्तकांत वाचते. तेव्हा माझ्या डोक्यात एकच असायचं. घनसावंगीची बस आली का?

कारण त्या बसमध्ये माझा डबा असायचा. खानावळ मला झेपण्यासारखी नव्हती. माझ्यासारख्या बऱ्याच जणांचे डबे गावाकडून एसटीनं यायचे. माय पहाटे भाकरी थापायची, पत्र्याच्या डब्यात भरायची, फडक्यानं बांधायची आणि फाट्यावर येऊन कंडक्टरच्या हातात द्यायची. जालन्याच्या स्टँडसमोर शबानाच्या अब्बांचं चहाचं हॉटेल होतं. शबाना माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. कंडक्टर डबे तिथं ठेवायचा. अब्बा डबा उचलून म्हणायचे, "बेटी, आज डब्बा बहोत भारी है. अम्मा पत्थर भेजी क्या?"

पत्थर नव्हते. गवत होतं.

त्याचं असं झालं. शहागडहून आल्यावर सरांनी सांगितलं होतं, जानेवारीपर्यंत प्रत्येकानं पन्नास झाडांची फाईल करायची. झाड मुळासकट उपटायचं, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, जाड कागदावर लावायचं. खाली इंग्रजीत चिठ्ठी चिकटवायची. झाडाचं नाव, कुठं सापडलं, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेला विद्यापीठातून बाहेरचे परीक्षक येणार, ते ही फाईल तपासणार. फाईल नाही म्हणजे प्रात्यक्षिकात नापास. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं.

आणि माझं वर्ष गेलं असतं तर मी गेले असते. माझा बाप मी चौथीत असताना वारला. मामानं माझ्यासाठी स्थळ आणून ठेवलं होतं, अंबडकडचं. मायनं त्याला शब्द दिला होता. "पोरगी बीएस्सी पास झाली तर तिच्या मनानं. नापास झाली तर तुझ्या मनानं." मामा तेव्हापासून एप्रिलची वाट बघत होता.

गावी गेले तेव्हा मायला फाईलचं सांगितलं. शहागडचं सांगितलं नाही.

"पन्नास?" माय म्हणाली. "एवढंच? माझ्या एका पातीत पन्नास सापडतेत."

त्या दिवसापासून ती आपल्या पातीत, आपल्या वाट्याच्या ओळीत, खुरपताना वेगळं रोप दिसलं की बाजूला ठेवायला लागली. मुळाची माती झाडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, डब्याच्या तळाशी ठेवायची. वर भाकरी. मी हॉटेलात डबा उघडायचे, भाकरी बाजूला काढायचे आणि फडकं सोडायचे. आघाडा. कुरडू. केना. दुधी. तरोटा. एकदांडी. पुस्तकातल्या चित्रांत मला जे ओळखू यायचं नाही, ते मायनं पाठवलं की ओळखू यायचं. अब्बा उर्दू पेपर घ्यायचे. शबाना जुन्या पेपरांचा गठ्ठा काढून द्यायची आणि आम्ही दोघी त्यात एकेक रोप पसरायचो. एकदा आघाड्याच्या मधल्या पानाला अर्धगोल कुरतडलेलं होतं. पुढच्या डब्यासोबत निरोप आला, त्यो शेळीनं खाल्ला, मी तोंडातून वढून घेतला, चालंल का बघ.

दिवाळीच्या सुट्टीत वाळलेली रोपं आणि कागद घेऊन मी गावी गेले. वर्गातली पोरं डिंक नाहीतर चिकटपट्टी लावत होती. डिंकाला कसर लागायची, पट्टी उन्हानं सुटायची. माय म्हणाली, "चिटकवायचं कशाला? मी टाका घालते." तिनं तिच्या फाटक्या लाल लुगड्याचा काठ उसवला, त्याचे दोरे काढले आणि एकेक रोप कागदावर टाचलं. देठाला दोन टाके, फांदीला एक. मागच्या बाजूला प्रत्येक टाक्याला तीन गाठी, गोधडीला मारतात तशा. मी म्हणाले, एक पुरे. ती म्हणाली, "एक सुटली तर दुसरी धरते. दुसरी सुटली तर तिसरी. तू तुझं लिव्ह."

मी लिहिलं. पन्नास चिठ्ठ्या, चांगल्या अक्षरात. गोळा करणाऱ्याचं नाव या ओळीत पन्नास वेळा माझं नाव. माझा हात एकदाही अडखळला नाही. माय समोर बसून दाताखाली दोरा तोडत होती.

जानेवारीत फाईल दिली. सरांनी पानं उलटली. सगळी. मग पहिल्या पानावर परत आले.

"कुणी शिवलं हे?"

"मी, सर."

खोटं बोलले. स्वतःचं काम हवं असा नियम होता म्हणून. हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. सरांच्या तोंडून पुन्हा एकदा 'तुझी आई खुरपायला जाते ना' हे ऐकायचं नव्हतं मला. मायला मी त्या खोलीत येऊच द्यायला तयार नव्हते.

"छान आहे," सर म्हणाले. "राहू दे इथं. तपासतो." आणि फाईल कपाटात ठेवली. मी खूश झाले. वसतिगृहापर्यंत अक्षरशः उड्या मारत गेले.

एप्रिलमध्ये, परीक्षेला आठ दिवस राहिले असताना, सरांनी मला बोलावलं. खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "तुझ्या फाईलला वाळवी लागली. गेली सगळी."

"बघू का सर?"

"काय बघणार? फेकून दिली."

कपाट त्यांच्या पाठीमागंच होतं. बंद. बाकीच्या सतरा फायलींना वाळवीनं तोंड लावलं नव्हतं.

"सर, मग मी..."

"आठ दिवस आहेत ना? दुसरी कर. तुम्हाला काय अवघड आहे?"

जालना जिल्हा. एप्रिल. रानात ढेकळं उघडी पडलेली, बांधावरचं गवत काडी लावली तर पेटेल असं. त्यात पन्नास हिरवी झाडं आणायची, दाबायची, वाळवायची, लावायची. सरांना हे माहीत नसेल? त्यांनी आयुष्यभर तेच शिकवलं होतं.

मी तडक बस धरली. मायला सांगितलं, वाळवीनं खाल्ली. तिनं ऐकून घेतलं. मग विळा घेतला. "चल जल्दी. कॅनालकडं उसात ओल असंल." दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली नाही. तिच्या पायाला काटा मोडून जखम झालेली तेव्हाही ती घरी राहिली नव्हती. उसाच्या सरीत आम्ही दोघी वाकून चाललो. पात्यांनी गाल आणि हात चिरले. माका, घोळ, हरळी, लव्हाळा. लोकांच्या पाटाकडेनं, हौदाच्या सांडव्याखाली, जिथं थेंबभर पाणी सांडतं तिथं. तीन दिवसांत सतरा झाडं मिळाली. त्याच्यापुढं एक नाही. माय रानाच्या मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघत होती. मी तिला इतकी हताश कधी पाहिली नव्हती.

"पावसाळ्यात कुणी मागितलं असतं तर गाडीभर दिलं असतं गं," ती म्हणाली.

सतरा तर सतरा. शबानाकडचे पेपर, वर दगड, बाहेर ऊन. मायनं तोच लाल दोरा, त्याच गाठी घातल्या. मी पुन्हा चिठ्ठ्या लिहिल्या, पुन्हा माझंच नाव.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत लांब टेबलावर बाकीच्यांच्या फायली ओळीनं मांडल्या होत्या. बाहेरचे परीक्षक आले होते, पिकलेल्या केसांचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते उभ्या उभ्या फायली चाळत होते. मी माझी बारीकशी फाईल शेवटी ठेवली आणि मागं सरकले. तेवढ्यात त्यांनी मंजिरीची फाईल उघडली. नवं कोरं निळं कव्हर. आत लाल दोरा.

मी दोन पावलं पुढं गेले. त्यांनी पान उलटलं. आघाडा. मधलं पान अर्धगोल कुरतडलेलं.

मी आणखी जवळ सरकून पाहिलं. खालची माझी चिठ्ठी खरवडून काढलेली होती. कागद तिथं सोलून निघाला होता आणि त्याच्यावर नवी, टाइप केलेली चिठ्ठी. गोळा करणाऱ्याचं नाव, मंजिरी अमुक तमुक.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "फारच उत्तम काम. पारंपरिक पद्धत."

मंजिरी खाली बघत होती. सर माझ्या शेजारी कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. कानाशी, हळू आवाजात, अगदी मायेनं बोलावं तसं बोलले.

"सतरा पानांवर पास करतो मी तुला. तोंड उघडू नकोस. तुला पास व्हायचंय ना?"

व्हायचं होतं. देवाशपथ सांगते, मला दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. पास झाले की मामा गप्प, स्थळ परत, पुढचं सगळं माझ्या मनानं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला सवयीचं होतं. शहागडला गप्प बसले होते. ओंजळीनं पाणी पिताना गप्प बसले होते. त्यांना खात्री होती की मी बसेन. त्या खात्रीचाच मला इतका संताप आला की जीभ आपोआप सुटली.

"ती फाईल माझी आहे."

सगळी प्रयोगशाळा थांबली. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"काय म्हणालीस?"

"ती फाईल माझी आहे. पान उलटून मागं बघा. प्रत्येक टाक्याला तीन गाठी असतील. आता ही माझी सतरा पानं बघा."

त्यांनी खरंच पाहिलं. एक पान इथलं, एक तिथलं. तोच दोरा, त्याच गाठी. दोनदा पाहिलं. मग मला विचारलं, "या गाठी तू मारल्यास?"

आता मला पुन्हा 'हो' म्हणता आलं असतं. जानेवारीत म्हटलंच होतं. पण त्या गाठींकडं बघताना माय दाताखाली दोरा तोडते आहे असं दिसलं, आणि 'मी' हा शब्द तोंडातून निघेना.

"नाही. माझ्या आईनं."

"झाडं?"

"तीही बहुतेक तिनंच उपटली. एसटीच्या डब्यातून पाठवली."

सर हसले. मोकळेपणानं, टाळी वाजवल्यासारखे. "ऐकलंत ना साहेब? म्हणजे फाईल हिची नाहीच! आईची आहे. मला जानेवारीत म्हणाली होती, मी शिवली. आता म्हणते, आईनं. असल्या पोरी."

शहागडला हसली होती तीच पोरं पुन्हा हसली. परीक्षकांनी दोन्ही फायलींकडं पुन्हा एकदा पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. माणसाला समजलं की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "हा तुमच्या महाविद्यालयाचा अंतर्गत प्रश्न आहे. आणि काम स्वतःचं हवं, हा नियम आहे." आणि पुढच्या फायलीला हात घातला.

खरं बोलले आणि त्याच खऱ्यानं मला तोंडावर पाडलं. पण त्याच घडीला काहीतरी लख्ख झालं. सर जे बोलले होते ते बरोबर होतं. फाईल माझी नव्हतीच. त्यांनी माझं नाव खरवडून मंजिरीचं लावलं होतं. मी तर मायचं नाव खरवडलंही नव्हतं. लिहिलंच नव्हतं.

"बरोबर आहे सर," मी म्हणाले. "आईची आहे. मग आईला परत देते."

मी निळी फाईल उचलली, माझी सतरा पानं उचलली, दोन्ही छातीशी धरल्या आणि दाराकडं चालायला लागले. "चोरी आहे ही!" सर मागून ओरडले. "पोलिसात देईन!" देऊन टाका, फिर्यादीत लिहा की खुरपणाऱ्या बाईचं गवत चोरीला गेलं, हे उत्तर मला अंबडच्या पुढं बसमध्ये सुचलं. तेव्हा मी नुसती चालत राहिले. जिन्यात मंजिरी धावत आली. म्हणाली, "मला सरांनी दिली गं. मी तर उघडूनसुद्धा पाहिली नव्हती." मला वाटतं ती खरं बोलत होती. उघडून बघायचीही तिला गरज पडली नव्हती.

स्टँडवर अब्बांनी डबा पुढं केला. माझे हात भरलेले बघून त्यांनीच तो माझ्या काखेत अडकवला आणि बसमध्ये जागा धरून दिली.

घरी मायनं फाईल मांडीवर घेतली. आघाड्याच्या पानावरून बोट फिरवलं. "वाळवीनं खाल्ल्ती ना?"

मी सगळं सांगितलं. शहागडपासून. मग तिनं खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हितं काय लिव्हलंय?"

"गोळा करणाऱ्याचं नाव. मंजिरीचं आहे."

"आन् ह्याच्या आधी कुणाचं व्हतं?"

"माझं."

माय 'बरं' म्हणाली. बोट तसंच होतं. रागानं नाही, हसून, पोराला विचारावं तसं तिनं विचारलं, "माझं न्हाई?"

सरांनी जे जे केलं ते सगळं एका बाजूला. मायच्या त्या दोन शब्दांनी मला जी लाज वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नाही. मी रडले. ती म्हणाली, "रडून काय करून राह्यलीस? जेव."

निकाल लागला. प्रात्यक्षिकात नापास. मामा दुसऱ्याच दिवशी हजर. बाजेवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्का, शब्द दिल्ता तू. पोरगी नापास झाली. आता माझ्या मनानं."

मी आतून ऐकत होते. बाहेर येऊन नाही म्हणणार होते, काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. मायनं मला बोलू दिलं नाही.

"ती कुठं नापास झाली?" माय म्हणाली. "सायबानं सगळ्यांम्होरं सांगितलं, फाईल तिची न्हाई, तिच्या मायची हाय. मंग नापास कोण झालं? मी. माझं लगीन तर झाल्यालं हाय. आता सांग, कुणाचं लावतूस?"

मामा ताडकन बाजेवरून उठला. मग चिडला, बरंच बोलला, वर्षभर आमच्या दारात आला नाही. स्थळ गेलं.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला. पुन्हा पन्नास झाडं. डब्यातून, मायच्या पातीतून, मायच्या लाल दोऱ्यानं. जानेवारीत फाईल सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिलं पान उघडलं, खालची ओळ वाचली, आणि फाईल माझ्याकडं ढकलली.

"हे चालत नाही. इथं विद्यार्थ्याचं नाव लागतं."

"ओळ विद्यार्थ्याच्या नावाची नाही सर. गोळा करणाऱ्याच्या नावाची आहे. वाळवलं मी, ओळखलं मी, ते खाली लिहिलंय."

"तुला पुन्हा नापास व्हायचंय?"

"करा. पुढच्या वर्षी पण हेच नाव असेल. त्याच्या पुढच्या वर्षी पण. आणि फाईल तुमच्या कपाटात राहणार नाही. परीक्षेच्या दिवशी मी घेऊन येईन."

मी फाईल परत त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी सही केली. मार्क इतके कमी दिले की जेमतेम पास झाले. जेमतेम तर जेमतेम.

आता मी जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. अजून दोन वर्षं नोकरी आहे. आमच्याकडं बायका खाली बसून हातानं बी निवडतात. खडा, काडी, फुटकं बी, दुसऱ्या जातीचं बी. त्यांची नजर माझ्या यंत्रापेक्षा पक्की आहे. पूर्वी नमुन्याच्या पाकिटावर फक्त तपासणाऱ्याची सही असायची. मी आल्यापासून निवडणारीचं नाव आधी लागतं, मग माझी सही. दोन मॅनेजर त्यावरून माझ्याशी भांडले. एक म्हणाला, "मॅडम, मजुरांची नावं कशाला?" मी त्याला सांगितलं, नाव नसेल त्या पाकिटावर मी सही करणार नाही. माल दोन दिवस अडून राहिला. मग नाव लागलं.

माय गेली त्याला सहा वर्षं झाली. तिन्ही फायली माझ्याकडं आहेत. एकही गाठ सुटलेली नाही.

तर स्मरणिकेवाल्या बाई, तुम्ही गोड आठवणी मागितल्या होत्या. माझ्याकडं ही आहे. सर गेले म्हणून मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि अंक त्यांना अर्पण करणार असाल तर माझा लेख त्याच अंकात, त्याच नावासमोर छापा. एक शब्द कापायचा नाही. कापणार असाल तर आख्खा परत पाठवा. मी तो घेऊन तुमच्या कार्यक्रमाला येईन आणि पहिल्या रांगेसमोर उभी राहून वाचीन. मला आता दारात चार दिवस उभं करता येत नाही.

आणि लेखाखाली माझं नाव टाकू नका. ती ओळ रिकामीही ठेवू नका. तिथं असं छापा.

गोळा करणारी, कौसाबाई, शेतमजूर, तालुका घनसावंगी.